पहिला कवितासंग्रह कंप्युटरवर कसा लावायचा

तीन वर्षांपूर्वी श्रावणात मी सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, एकसष्ट कागद मांडून बसले होते. एका कागदावर एक कविता. बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यात पावसाळ्यात लाईट कधी जाईल नि कधी येईल याचा नेम नसतो. त्या दिवशी सकाळपासून नव्हती. दारातून येणाऱ्या उजेडात दोन तास कागद पुढंमागं सरकवून क्रम जवळजवळ जुळला. चहा ठेवायला उठले आणि लाईट आली. पंखा पाचवर होता.

कागद गोळा करताना भाचा म्हणाला, "आत्ती, जमिनीवर कशाला मांडतीस? लॅपटॉपवर मांड की." मला राग आला होता. पण पुढं त्याच लॅपटॉपवर संग्रह लागला, छापूनही झाला. या कामात मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहिते आहे. शाळेत शिकवते, कंप्युटरची तज्ज्ञ नाही. त्यामुळे मला जमलं ते तुम्हालाही जमेल.

एक गोष्ट आधीच सांगते, बाकी सगळं तिच्याभोवतीच फिरतं. सगळ्या कविता एकाच लांबलचक फाईलमध्ये एकाखाली एक टाईप करत जाऊ नका. तसं केलं की टाईप केलेला क्रम हाच संग्रहाचा क्रम होऊन बसतो, कारण कट-पेस्ट करायचा कंटाळा येतो. प्रत्येक कविता सुटी ठेवा. सुटी असेल तरच ती हलते, आणि हलवून बघितल्याशिवाय संग्रह लागत नाही.

काय काय लागेल

- लॅपटॉप किंवा डेस्कटॉप. जुना चालतो. फोनवर कविता लिहून होईल, संग्रह लावून होणार नाही.
- मराठी युनिकोड कीबोर्ड. विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट (मराठी अक्षरांची ठरलेली मांडणी) आणि फोनेटिक (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी) दोन्ही मिळतात. युनिकोड म्हणजे काय ते पायरी २ मध्ये.
- दोन चांगले देवनागरी फॉन्ट: एक स्क्रीनवर वाचायला, एक छापायला. मुक्ता, नोटो सेरिफ देवनागरी, टिरो देवनागरी मराठी हे तिन्ही फुकट आहेत.
- लेखनाचं एक सॉफ्टवेअर (पायरी ३ बघा) आणि छपाईची फाईल बनवायला लिब्रेऑफिस.
- पेनड्राईव्ह, आणि गूगल ड्राईव्हसारखी एक जागा.
- सगळ्या वह्या, डायऱ्या, दिवाळी अंकांची कात्रणं, आणि लग्नपत्रिकांच्या पाठीवर खरडलेलं जे काही असेल ते.

१. आधी गोळा करा, मग टाईप करा

पहिल्याच दिवशी टाईप करायला बसू नका. एका वहीत यादी करा: कवितेचं नाव (नसेल तर पहिली ओळ), साधारण वर्ष, ती कुठं आहे, कुठं छापली होती का. माझ्या कविता चार ठिकाणी होत्या: वह्यांत, दिवाळी अंकांत, व्हॉट्सॲपवर, आणि पंधरा वर्षांपूर्वी एका डीटीपी (छपाईसाठी टाईप करून पानं लावून देणाऱ्या) सेंटरमधून आणलेल्या सीडीवर. यादी झाल्यावर कळलं की सात कविता दोनदा होत्या, आणि दोन्ही ठिकाणचा पाठ वेगळा. अशा वेळी एक टाकून देऊ नका. दोन्ही टाईप करा. कोणता ठेवायचा ते नंतर ठरतं.

छापील कात्रणं परत टाईप करायची गरज नाही. फोनवर सरळ, चांगल्या उजेडात फोटो काढा, गूगल ड्राईव्हवर चढवा आणि गूगल डॉक्समध्ये उघडा. फोटोतला मजकूर खाली येतो. छापील मराठी बऱ्यापैकी ओळखतं. हस्ताक्षर मात्र, निदान माझं तरी, त्याला झेपलं नाही. वह्यांसाठी मी गूगल डॉक्सचं व्हॉइस टायपिंग वापरलं: भाषा मराठी निवडायची, कविता मोठ्यानं वाचायची, ओळ संपली की एन्टर आपण दाबायचं. याचा एक आडफायदा झाला. वाचताना जिथं जीभ अडखळते, ती ओळ कच्ची असते.

व्हॉट्सॲपवरच्या कविता एक्सपोर्ट चॅट करून मजकुराच्या फाईलमध्ये मिळतात. त्यात प्रत्येक निरोपाआधी तारीख-वेळ येते, ती पुसू नका. कविता कधी लिहिली याचा तेवढाच पुरावा असतो.

२. जुन्या फॉन्टमधलं युनिकोडमध्ये आणा

सीडीवरची फाईल उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. फाईल बिघडलेली नव्हती. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांमध्ये आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. तो फॉन्ट नसला की रूप जातं. युनिकोडमध्ये ‘क’ हा आतूनही ‘क’च असतो, म्हणून फॉन्ट बदलला तरी मजकूर वाचता येतो.

जुन्या फाईलसाठी कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक फॉन्टाचा कन्व्हर्टर वेगळा. आधी वर्डमध्ये त्या मजकुरावर क्लिक करून फॉन्टचं नेमकं नाव बघा, मग त्याचाच कन्व्हर्टर शोधा. अंदाजानं दुसरा वापरलात तर नव्वद टक्के बरोबर आणि दहा टक्के चूक असा मजकूर मिळतो, आणि तो सगळ्यात घातक. पूर्ण चुकलेलं तरी डोळ्यांना दिसतं.

३. सॉफ्टवेअर कोणतं

मी दोन वापरली, दोन्हींबद्दल सांगते.

*स्क्रिव्हनर.* मोठं लिखाण तुकड्यातुकड्यांत ठेवण्यासाठीच बनवलेलं आहे. डावीकडे बाईंडर नावाची यादी असते, तीत प्रत्येक कविता वेगळी राहते. कॉर्कबोर्ड उघडला की प्रत्येक कवितेचं एक कार्ड दिसतं आणि ती कार्डं माउसनं उचलून कुठंही ठेवता येतात. माझे सोप्यातले कागदच ते, फक्त पंख्याला न घाबरणारे. हे विकत घ्यावं लागतं, पण पैसे एकदाच, दरवर्षी भाडं नाही. आधी तीस दिवस फुकट वापरता येतं, आणि हे तीस दिवस कॅलेंडरचे नसून वापराचे मोजतात. आठवड्यात फक्त शनिवार-रविवारी उघडलंत तर पंधरा आठवडे पुरतं. माझा संग्रह जवळपास तेवढ्यातच लागला. पैसे मी नंतर भरले. विंडोज, मॅक आणि आयफोनवर चालतं, अँड्रॉइडवर नाही.

*लिब्रेऑफिस रायटर.* पूर्ण फुकट. प्रत्येक कवितेच्या नावाला ‘हेडिंग १’ ही स्टाईल द्या, मग एफ ५ दाबा. नॅव्हिगेटर उघडतो, त्यात सगळ्या कवितांची नावं दिसतात. नाव उचलून वर-खाली सरकवलं की त्याखालची अख्खी कविता बरोबर जाते. चाळीसएक कवितांपर्यंत एवढं पुरेसं आहे. कार्डं दिसत नाहीत, जुने पाठ ठेवायची सोय तितकी सुटसुटीत नाही, पण पैसे घालायचे नसतील तर बिनधास्त हेच घ्या.

पुढच्या पायऱ्या मी स्क्रिव्हनर धरून सांगते. लिब्रेऑफिसवाल्यांना मधूनमधून हाक मारीन.

४. एक कविता, एक कार्ड

नवा प्रोजेक्ट उघडताना कादंबरी वगैरे साचे दिसतील. कोरा साचा घ्या. ‘ड्राफ्ट’ नावाच्या फोल्डरमध्ये जे असेल तेच शेवटी छपाईला जातं, त्याबाहेरचं जात नाही. म्हणून संग्रहातल्या कविता ड्राफ्टमध्ये, आणि अर्धवट, नाकारलेल्या, संशयास्पद सगळ्या बाहेर एका वेगळ्या फोल्डरमध्ये. मी त्या फोल्डरला ‘माळा’ नाव दिलं. माळ्यावर टाकलेलं फेकलेलं नसतं, सणावाराला काढता येतं.

आधीच एका फाईलमध्ये सगळं टाईप झालं असेल तर घाबरू नका. प्रत्येक कवितेच्या आधीच्या ओळीवर हॅशची खूण टाका आणि ‘इम्पोर्ट अँड स्प्लिट’ वापरा. खुणेखुणेला तुकडे पाडून ते प्रत्येक कवितेचं वेगळं पान करतं.

आता महत्त्वाचं. प्रत्येक कार्डावर थोडक्यात मजकूर लिहायची जागा असते, तिला सिनॉप्सिस म्हणतात. तिथं कवितेचा आशय लिहू नका. ‘पावसाबद्दल’ असं लिहिलंत तर वीस कार्डांवर ‘पावसाबद्दल’ होईल. तिथं कवितेची पहिली आणि शेवटची ओळ लिहा, मध्ये तीन टिंबं. का, ते सातव्या पायरीत.

५. टाईप करतानाचे खड्डे

*ओळ तोडणं.* एन्टर दाबलं की नवा परिच्छेद होतो. शिफ्ट धरून एन्टर दाबलं की त्याच परिच्छेदात नवी ओळ येते. कडव्यातल्या ओळी शिफ्ट-एन्टरनं आणि कडव्यांमध्ये एन्टर, अशी सवय लावलीत तर कडवं हा एक परिच्छेद राहतो आणि पुढं ‘परिच्छेद दोन पानांत तोडू नका’ एवढी एक खूण केली की कुठलंही कडवं अर्धं या पानावर, अर्धं त्या पानावर जात नाही. फक्त मजकूर डावीकडे लावलेला ठेवा. दोन्ही कडा सरळ करायच्या बटणाला हात लावलात तर शिफ्ट-एन्टरच्या ओळी रबरासारख्या ताणल्या जातात आणि तीन शब्द पानभर पसरतात.

तुमच्या ओळी लांब, गद्याकडे झुकणाऱ्या असतील तर मात्र उलट करा. प्रत्येक ओळीला एन्टर द्या आणि परिच्छेदाला डावा समास एक सेंटिमीटर, पहिल्या ओळीला उणे एक सेंटिमीटर. मग पानात न मावलेली ओळ खाली आत सरकून येते, आणि ही नवी ओळ नसून आधीचीच आहे हे वाचणाऱ्याला कळतं.

*ऱ आणि र.* माझी एक ओळ होती, ‘दऱ्यांत अजून धुकं झोपलंय’. टाईप केली ती ‘दर्यांत’ अशी. जांबोटीच्या डोंगरातली कविता थेट समुद्रावर गेली. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांत जो फरक तोच हा. साधा ‘र’, हलन्त, ‘य’ टाईप केलं की रफार होतो. तसा अर्धा ‘ऱ’ हवा असेल तर खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्यावा लागतो. इन्स्क्रिप्टवर ‘र’च्याच बटणावर शिफ्ट धरलं की येतो. सगळं टाईप झाल्यावर ‘र्य’ आणि ‘र्ह’ शोधा आणि एकेक डोळ्यांनी तपासा. बदल-सगळे करू नका; ‘सूर्य’ही त्यात सापडतो.

*ॲ.* हे अक्षर दोन तऱ्हांनी लिहिलं जातं: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा ‘अ’वर चंद्र ठेवून. दिसायला सारखं, कंप्युटरला वेगळं. एकानं शोधलं तर दुसरं सापडत नाही. सगळीकडे अखंड अक्षर करून घ्या.

*बदल-सगळे.* आमच्या शहराचं नाव सरकारदरबारी १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेळगावी’ झालं. कोणत्याही कारणानं सगळीकडे ‘बेळगाव’चं ‘बेळगावी’ करायचा मोह झाला तर एका बटणात काय होतं ते मी बघितलंय: ‘बेळगावात’ला दोन माना फुटतात आणि ‘बेळगावी कुंद्या’च्या डोक्यावर दोन वेलांट्या बसतात. मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतात, म्हणून हे बटण कुठल्याच शब्दासाठी डोळे मिटून दाबायचं नाही. (मी शेवटी पत्त्याच्या पानावर बेळगावी ठेवलं, मनोगताखाली बेळगाव. कवितांना हात लावला नाही.)

*लिब्रेऑफिसचा फॉन्ट.* फॉन्ट बदलला तरी मराठी मजकूर ढिम्म हलत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. कारण लिब्रेऑफिस इंग्रजी लिपीचा फॉन्ट वेगळा धरतं आणि देवनागरीचा वेगळा. देवनागरीचा ‘सीटीएल’ या नावाखाली असतो. ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर सीटीएलची भाषा मराठी करा आणि स्टाईलमध्ये फॉन्ट निवडताना सीटीएलच्या खान्यातला बदला. वर्डमध्येही ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ नावाचा असाच वेगळा खाना आहे.

६. लेबलं थोडीच लावा

स्क्रिव्हनरमध्ये प्रत्येक कवितेला रंगीत लेबल, स्थिती आणि कीवर्ड देता येतात. उत्साहात मी बावीस कीवर्ड केले आणि आठवड्यात कंटाळले. शेवटी एवढंच ठेवलं:

- लेबल म्हणजे प्रकार: मुक्तछंद, अभंग-ओवी, गझल. रंगामुळे एका नजरेत दिसतं की सलग सहा मुक्तछंद झालेत.
- स्थिती: कच्ची, एकदा हात फिरवलेली, पक्की.
- नोंदीच्या खान्यात: लिहिल्याचं वर्ष, आणि कुठल्या अंकात छापली. शेवटी ऋणनिर्देश लिहायची वेळ येते तेव्हा ही माहिती आयती मिळते. नाही तर अंक शोधत सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसावं लागतं. तेही वाईट नाही, पण सुट्टी जाते.

७. क्रम लावणं

सगळ्यांना वाटतं तारखेनं लावावं, नाही तर विषयानं. दोन्ही करून बघा, कारण इथं करून बघायला काही पडत नाही. स्क्रिव्हनरमध्ये ‘कलेक्शन’ म्हणून सोय आहे: मूळ बाईंडरला धक्का न लावता त्याच कवितांची वेगळ्या क्रमाची यादी. मी तीन केल्या. तारखेच्या यादीत माझी पहिली दहा वर्षं कशी कच्ची होती ते उघडं पडलं. विषयाच्या यादीत पावसाच्या पाच कविता ओळीनं आल्या आणि तिसऱ्या कवितेलाच अंग ओलं होऊन शिंका यायला लागल्या.

मग कॉर्कबोर्ड उघडला आणि फक्त ओळी वाचत गेले: एका कार्डाची शेवटची ओळ, लगेच पुढच्या कार्डाची पहिली. कविता वाचायची नाही. वाचणारा पान उलटतो तेव्हा त्याच्या कानात मागची शेवटची ओळ असते आणि डोळ्यांपुढं नवी पहिली. संग्रह लागतो तो या सांध्यात.

एक उदाहरण देते. एका कार्डाच्या शेवटी होतं,

‘विहिरीला कळलंच नाही दोर कुणाचा’

आणि खूप खाली, अगदी वेगळ्या गटात एका कार्डाची सुरुवात होती,

‘आईच्या हातांना सुंभाचा वास’.

पहिली कविता गावातल्या एका जुन्या घटनेवरची, दुसरी आईवरची. विषयानं लावलं असतं तर या दोघी आयुष्यात भेटल्या नसत्या. दुसरी उचलून पहिलीच्या मागं ठेवली आणि दोर एका पानावरून दुसऱ्या पानावर आला. आईच्या कवितेत आधी नसलेली भीती आली, एकही शब्द न बदलता. मग तसंच शोधत गेले. दोन ठिकाणी सांधा फार गोड झाला, म्हणजे ओळीनं ओळीला टाळी दिल्यासारखं वाटलं. ते मुद्दाम मोडले.

क्रम झाला की सगळ्या कविता निवडून ‘स्क्रिव्हनिंग्ज’ दृश्यात बघा. सुट्या कविता सलग एका पट्टीत दिसतात. हे वाचन एका बैठकीत करा, आणि शक्यतो दुसऱ्या कुणाला तरी ऐकवत. आमच्या सासूबाईंनी ऐकता ऐकता दोनदा सुपारी कातरणं थांबवलं आणि एकदा उठून गेल्या. त्या उठून गेल्या ती कविता माळ्यावर गेली.

*पहिली कविता कोणती?* सगळ्यात चांगली नको, सगळ्यात आवडती तर नकोच. जी वाचून पुस्तकाचा आवाज कळतो ती.

८. आपली बोली जपायची तर नोंद करा

हे खास आपल्या भागातल्यांसाठी. बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या बोलण्यात ‘खरं’ म्हणजे ‘पण’. माझी ओळ होती:

‘गेले असते, खरं पाऊस लागला’

प्रूफ तपासणाऱ्यानं स्वल्पविराम उचलून पुढं ठेवला:

‘गेले असते खरं, पाऊस लागला’.

त्याचं काही चुकलं नाही, प्रमाण मराठीत तसंच बसतं. पण माझ्या ओळीतली बाई सबब सांगत होती. त्याच्या ओळीतली बाई कबुली द्यायला लागली. प्रूफ हातात आलं तेव्हा माझ्याही नजरेतून ते दोनदा सुटलं.

म्हणून अशा प्रत्येक शब्दावर सॉफ्टवेअरमध्येच टिप्पणी टाका: ‘मुद्दाम आहे, बदलू नये.’ लिब्रेऑफिसमध्ये कंट्रोल-आल्ट-सी दाबलं की टिप्पणी उघडते. सगळ्या टिप्पण्यांवरून एक पानभर यादी करून प्रूफवाल्याला आधीच द्या. माझ्या यादीत बुट्टी, भांगलण, सोपा, आत्ती, खरं असे तीसेक शब्द होते. तीच यादी पुढं पुस्तकाच्या शेवटी शब्दार्थ म्हणून वापरली.

फोनवर टाईप करत असाल तर सुचवण्या बंद ठेवा.

कवितेत कन्नड ओळ असेल, बसची पाटी किंवा बाजारातला संवाद, तर आधीच ठरवा: कन्नड लिपीत ठेवायची की देवनागरीत. कन्नड लिपीला तिचा वेगळा फॉन्ट लागतो, आणि तो छापखान्यात नसेल तर पानावर चौकोन उमटतात. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए-ओ आणि दीर्घ ए-ओ वेगळे आहेत, आपल्या नेहमीच्या देवनागरीत तो फरक राहत नाही. मी कन्नड लिपी ठेवली आणि शेजारच्या शाळेतल्या कन्नडच्या सरांकडून तपासून घेतली. तीन शब्दांत दोन चुका निघाल्या.

९. जुना पाठ ठेवा, आणि बॅकअप

कवितेत बदल करण्याआधी ‘स्नॅपशॉट’ घ्या. त्या क्षणीची कविता जशीच्या तशी जपली जाते आणि हवी तेव्हा परत आणता येते. एका वाचकाच्या सल्ल्यावरून मी ‘बुट्टी’ काढून ‘टोपली’ केली, महिन्यानं परत बुट्टी आणली. स्नॅपशॉट होता म्हणून त्याबरोबर बदललेल्या आणखी दोन ओळीही परत मिळाल्या. हा स्नॅपशॉट आपण घ्यायचा असतो, आपोआप होत नाही.

बॅकअप मात्र स्क्रिव्हनर बंद करताना स्वतः करतं. इथं दोन सापळे आहेत. मुळात ते शेवटच्या पाच प्रतीच ठेवतं. लाईट जा-ये करणाऱ्या दिवशी तुम्ही सहा वेळा उघडझाप केलीत की कालची चांगली प्रत गेली. सेटिंगमध्ये हा आकडा पंचवीस करा. दुसरं, बॅकअप त्याच लॅपटॉपवर पडतो; लॅपटॉप गेला की दोन्ही गेले. बॅकअपची जागा गूगल ड्राईव्हच्या फोल्डरमध्ये द्या. चालू प्रोजेक्ट मात्र लॅपटॉपवरच असू द्या. तो ड्राईव्हमध्ये ठेवून दोन कंप्युटरवर उघडलात तर तुकडे विस्कटतात.

आणि कुणाला प्रोजेक्ट पाठवायचा असेल तर लक्षात ठेवा, विंडोजवर तो एक फाईल नसून फोल्डर असतो. मी भाच्याला आतली एकच फाईल मेल केली होती. त्याला सगळ्या कवितांची नावं दिसली, कविता एकही नाही.

१०. छपाईची फाईल

स्क्रिव्हनरमधून ‘कंपाईल’ करून फाईल बाहेर काढा आणि पुढचं पानांचं काम लिब्रेऑफिसमध्ये करा. कंपाईलमध्ये सजावट करत बसू नका, मी चार संध्याकाळी घालवल्या.

- पानाचा आकार आधी ठरवा. कवितासंग्रह बहुधा डेमी आकारात, साडेपाच बाय साडेआठ इंच.
- ‘हेडिंग १’ स्टाईलमध्ये ‘आधी पान तोडा’ ही खूण करा. प्रत्येक कविता आपोआप नव्या पानावर येते. एन्टर दाबून पान ढकलायचं नाही.
- अनुक्रमणिका हातानं टाईप करू नका. इन्सर्टमधून घाला, क्रम बदलला की अपडेट करा.
- ‘बुक व्ह्यू’मध्ये समोरासमोरची पानं बघा. दोन पानांची कविता डाव्या पानावर सुरू झाली तर उलटावं लागत नाही. तसं जमत नसेल तर शेजारची एक कविता पुढंमागं करा, सांधा परत तपासून.
- पहिल्या ओळींची सूची देणार असाल तर क्रम डोळ्यांनी बघा. मराठीत क्ष आणि ज्ञ शेवटी येतात. कंप्युटर ‘क्षण’ला क च्या पोटात घालू शकतो.

आता फॉर्मचा हिशोब. ऑफसेटवर पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापलं जातं. माझ्याकडे चोपन्न कविता उरल्या होत्या, त्यांतल्या तीन दोन-दोन पानांच्या, म्हणजे ५७ पानं. शीर्षक, अर्पणपत्रिका, मनोगत, अनुक्रमणिका धरून १०, शब्दार्थ २. एकूण ६९. चार फॉर्म म्हणजे ६४, पाच म्हणजे ८०. एक तर अकरा पानं भरायची, नाही तर पाच कमी करायची. छापखान्यातले म्हणाले, "बाई, आणखी दहा कविता असतीलच की." होत्या, माळ्यावर. पण मी ड्राफ्टमधल्याच सहा कविता उचलून माळ्यावर ठेवल्या, ६३ पानं झाली आणि शेवटचं एक कोरं सोडलं. शे-दोनशे प्रती डिजिटलवर काढणार असाल तर सोळाचा हा हट्ट नसतो.

११. डीटीपीवाल्याकडे जाताना

आपल्याकडच्या बऱ्याच सेंटरांत रोजचं काम कन्नड आणि इंग्रजीचं. मराठी येतं, पण नेहमी नाही. जाण्याआधी फोनवर एकच प्रश्न विचारा: "पेजमेकरवर करता की इनडिझाईनवर?" दोन्ही पानं लावायची सॉफ्टवेअर. पेजमेकरला युनिकोड कळत नाही, त्यामुळे तुमचा मजकूर परत जुन्या फॉन्टात बदलला जातो, आणि त्या बदलात सगळ्यात आधी ऱ्य आणि ॲ यांचा बळी जातो. इनडिझाईन असेल तर ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ चालू करायला सांगा, नाही तर जोडाक्षरं सुटी होऊन पडतात.

शक्य असेल तर त्यांना मजकुराची फाईल देऊच नका. फॉन्टसकट बनलेली पीडीएफ द्या, मुखपृष्ठ तेवढं त्यांच्याकडे करा. मजकूर द्यावाच लागला तर बरोबर तुमची पीडीएफही द्या आणि प्रूफ तिच्याशी ओळीला ओळ लावून तपासा.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी, दलालाला पैसे देऊ नका. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीच्या पोर्टलवर लेखकाला स्वतः अर्ज करता येतो, शुल्क नाही. पुस्तक कर्नाटकातून निघतंय आणि मराठी आहे यानं काही अडत नाही. फक्त वेळ हातात ठेवा. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या संमेलनांत प्रकाशन करायचं अनेकांच्या मनात असतं, आणि सगळे डिसेंबरातच छापखान्याच्या दारात उभे असतात. दिवाळीपूर्वी पीडीएफ तयार हवी.

पुस्तक आल्यावर प्रोजेक्ट बंद करून टाकू नका. माझ्या एकेचाळीसाव्या पानावर अजून एक ‘दर्यांत’ राहिलाय. तो एका वाचणाऱ्यानं खानापूर स्टँडवर बस सुटता सुटता खिडकीतून ओरडून सांगितला. घरी येऊन कार्डावर लाल लेबल लावलं आणि स्थितीच्या यादीत एक नवा शब्द घातला: ‘दुसरी आवृत्ती’.